मावशीच्या चौदा नळ्या

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं कार्ड मिळालं. मोजून तीन ओळी, आणि त्यातली एक 'पत्ता बदललेला नाही' ही. पत्ता बदलला असता तर कळवणं मी समजू शकते. अक्षर तर असं की कुणी सायकलवर बसून लिहावं. घाईत होतीस का? त्या घरात कसली गं घाई? मामा खिडकीशी बसून घड्याळं दुरुस्त करतो, तू त्याच्यावर लक्ष ठेवतेस, समोर समुद्र. आणि मला लिहायला अर्धा तास निघत नाही!

बरं, भांडण नंतर. आधी बातमी. आपल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मण्यांचं किट आलंय आणि ते पारखायचं काम मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलंय. तू इथलं काम सोडून गेल्यावर आलेली ही गोष्ट, म्हणून सांगते. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक मणी असतात. त्यांच्या बारा जाती. प्रत्येक जातीवर लाल रंग कमी-जास्त चढवलेला, आणि प्रत्येक जातीवर वेगळी अँटिबॉडी चिकटवलेली, म्हणजे एक जात रक्तातलं एकच प्रथिन पकडणार. बाराही जाती एकाच थेंबात सोडायच्या, वरून चमकणारी दुसरी अँटिबॉडी घालायची आणि सगळं आपल्या जुन्या फ्लो सायटोमीटरमधून सोडायचं. मणी एकामागून एक लेझरसमोरून जातात. लाल रंग किती, यावरून कळतं मणी कुठल्या जातीचा. चमक किती, यावरून कळतं त्याने किती प्रथिन धरलंय. शिवाय एक तेरावी जात आहे, रिकामी. तिच्यावरची अँटिबॉडी माणसाच्या रक्तातलं काहीच पकडत नाही. ती नुसती पाळतीवर. ती चमकली तर समजायचं, कुठेतरी गडबड आहे.

एका थेंबात बारा उत्तरं, मावशी! आपल्या जुन्या पद्धतीत बारा प्रथिनांना बारा प्लेटा आणि बारापट रक्त लागतं. वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या मुलांचं रक्त काढताना तू कशी तोंड फिरवून उभी राहायचीस ते मला आठवतं. हे किट पास झालं तर त्यांना एक टोचणी पुरेल.

आता मुद्दा. तुझ्या रक्ताच्या शेवटच्या बॅचच्या तीनशे नळ्यांपैकी चौदा उरल्यात. पेशंटच्या नमुन्यांआधी आपल्याच माणसाच्या रक्ताची एक नळी लावायची आणि तिचे आकडे मर्यादेत आले की पुढे जायचं, ही पद्धत तूच घातलीस. पण आता सगळे त्या नळीलाच मावशी म्हणतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. 'मावशी लावली का?' 'आज मावशी जरा वर आहे.' 'अरे, मावशीला बाहेर ठेवून जेवायला काय गेलास?' गेल्या वर्षी आलेल्या मुलीने मला विचारलं, मावशी कुठल्या कंपनीची असते?

त्या चौदा मी कुलपात टाकल्यात. जुन्या पद्धतीने दोन वर्षं तपासलेलं रक्त तेवढंच आहे, नवी पद्धत त्याच्याशीच ताडून पाहायची. त्या संपण्याआधी नवी बॅच हवी, म्हणून तू ये. एक पिशवी रक्त दे आणि आठ दिवस राहा. खरं तर रक्ताचं निमित्त आहे. तू ये.

तुझी,
खारू

*

१५ फेब्रुवारी

खारूस तुझ्या मामाचे आशीर्वाद, आणि शेजारच्या खुर्चीत बसून मजकूर सांगणाऱ्या बाईंचेही. तिचा चष्मा फुटलाय, म्हणून लेखणी माझ्या हातात. (फुटलाय म्हणजे एका काचेला चरा गेलाय. पण लेखनिकाला मत नसतं.) पुढचे शब्द तिचे.

मणी म्हणजे वाळू, ते तळाशी बसतात. प्लेटमध्ये घालण्याआधी किती वेळ हलवलेस? अर्धं मिनिट म्हणू नकोस, अर्धं मिनिट पुरत नाही. प्रत्येक जातीचे किती मणी मोजतेस? शंभराच्या खाली गेलीस तर तो आकडा मला दाखवू नकोस. प्लेटवर चांदीचा कागद घालतेस का? उजेडात रंग उडतो. आणि धुताना बाटली आपटू नकोस, तुला सवय आहे. एकच नमुना एकाच दिवशी वीसदा लाव, मग वीस वेगवेगळ्या दिवशी लाव. ते झाल्याशिवाय किट चांगलं की वाईट यावर तोंड उघडायचं नाही.

येण्याचं म्हणशील तर जमणार नाही. तुझ्या मामाचं खुब्याचं हाड अजून दुखतं, त्याला एकटं टाकून कसं निघू? (मी काल पायी बाजारात जाऊन घड्याळाच्या दोन काचा घेऊन आलो. हे लिहायचं नाही अशी ताकीद आहे, तेव्हा मी लिहिलेलं नाही आणि तू वाचलेलं नाहीस.)

जेवत जा. केस ओले ठेवून कामाला जाऊ नकोस.

मावशी, हस्ते मामा

*

२७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझे प्रश्न मी कॉपी करून माझ्या टेबलासमोर चिकटवलेत. मोठ्या बाई वाचून म्हणाल्या, 'बाई अजून इथेच आहे म्हणा की!' मी हसले, आणि मग हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि थोडं रडले. आता लपवायचं काय त्यात?

एक मिनिटभर हलवते. दीडशेच्या खाली मणी मोजत नाही. चांदीचा कागद असतो. बाटली आपटली, एकदाच. एका दिवसातले वीस आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले की हिशेब तपासणाऱ्या आमच्या आकडेवाल्याने तीनदा विचारलं, तू खरंच वीसदा लावलंस ना? पातळ करून पाहिलं, निम्मं केलं की उत्तर निम्मंच येतं. तुझ्या नळ्यांना मात्र अजून हात लावलेला नाही. त्या शेवटी.

मामाचा खुबा बरा आहे हे मी वाचलेलं नाही. पण मग मला एक विचारू दे, आणि याचं उत्तर मामाला न सांगता दे. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी, परीक्षेच्या हॉलशी, माझ्या पहिल्या नोकरीच्या दिवशी, जिथेतिथे निरोप देताना तू माझे दोन्ही हात धरून दाबायचीस. मला लाज वाटेपर्यंत. आणि दोन वर्षांपूर्वी तू इथून निघालीस त्या दिवशी स्टेशनवर तुझे हात कोटाच्या खिशात होते. मी हात पुढे केला तर तू म्हणालीस, गाडी सुटेल, मागे हो. गाडी सुटायला चांगली दहा मिनिटं होती, मी घड्याळ पाहिलं होतं. माझं काय चुकलं होतं, मावशी?

घरी तुझ्या खोलीचं दार मी उघडंच ठेवते. बंद केलं की घर फार लहान वाटतं.

यायचं नसेल तर निदान रक्त पाठव. तुमच्या गावात एखादी प्रयोगशाळा असेलच. काढून, फिरवून, सीरम वेगळं करून बर्फात घालून द्या म्हणावं. डबा मी इथून पाठवते. तेवढं तरी करशील?

तुझी,
खारू

*

९ मार्च

खारूस,

रक्त पाठवणार नाही. साठी उलटलेल्या बाईचं रक्त कंट्रोल म्हणून, बाकीच्यांशी ताडून पाहायला, चालत नाही. तिथे तरुण, धडधाकट माणसं काय कमी आहेत? आकडेवाल्याचं घे, त्या नव्या मुलीचं घे. एकाच माणसावर कारखाना चालवायचा नसतो.

बाकी जे विचारलंस त्याला उत्तर नाही. तुझं काही चुकलेलं नाही. कामात लक्ष घाल.

मावशी, हस्ते मामा

(इथे माझे काही शब्द नाहीत. आज लेखनिकाला फारच धाक आहे.)

*

२१ मार्च

प्रिय मावशी,

कामात लक्ष घातलं. घातलं आणि तोंडावर पडले, म्हणून आता रुसवा बाजूला ठेवून लिहितेय.

साठ पेशंटचे नमुने जुन्या पद्धतीने आणि मण्यांनी, दोन्हीकडून तपासले. दोन्हींची उत्तरं हातात हात घालून चालतात. मला वाटलं, जिंकलो. मग कुलूप काढून तुझी पहिली नळी लावली. मावशी, बाराच्या बारा प्रथिनं वर! थोडीथोडकी नाही, काही तिप्पट. आणि तेरावी जात, ती रिकामी, जिने गप्प बसायचं असतं, तीही उजळलेली.

आधी वाटलं माझा हात चुकला. दुसरी नळी घेतली, तेच. किटचा दुसरा लॉट मागवला, नव्या बाटलीतले मणी, नवीन सगळं. तिसरी नळी, तेच. यंत्र साफ केलं, नुसतं पाणी सोडलं तर रिकामा मणी शहाण्यासारखा काळा. इतर कुणाच्याही रक्तात तो चमकत नाही, फक्त तुझ्या.

मोठ्या बाईंचं म्हणणं सरळ आहे, आणि मला खोडता येत नाही. त्या म्हणतात, 'जगात एक रक्त आपल्याला तोंडपाठ आहे, ते मावशीचं. तेच या किटला वाचता येत नसेल तर ज्या बाळांची काहीच माहिती नाही त्यांचं ते काय वाचणार?' पंचवीस एप्रिलला अहवाल द्यायचाय. तोपर्यंत कारण सापडलं नाही तर किट परत. बाळांना पुन्हा बारापट सुया.

तू असतीस तर स्टुलावर बसून, पाय हलवत, पाच मिनिटांत सांगितलं असतंस. कुठे पाहू? काय सुचतं ते लगेच कळव. अकरा नळ्या उरल्यात.

खारू

*

३० मार्च

खारूस,

ती नळी काढून टाक. दोन वर्षं जुनं रक्त, मधे फ्रीझर कधी बंद पडला असेल, वितळून पुन्हा गोठलं असेल. अहवालात घेऊ नकोस. साठ पेशंटचे आकडे जुळलेत ना, तेवढे दे. किट पास होईल. उरलेल्या अकरा फेकून दे.

मावशी, हस्ते मामा

(लेखनिकाची स्वतःची टीप. हे पत्र तिने चारदा सांगितलं आणि तीनदा फाडायला लावलं. हे चौथं, आणि त्यात ही टीप तिच्या नकळत घालतोय. मी घड्याळवाला माणूस, मला तुमच्या मण्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण तुझं पत्र वाचून झाल्यावर ती ते दिवसभर मांडीवर घेऊन बसली, एवढं मला कळलं.)

*

८ एप्रिल

मावशी,

फ्रीझर एकदाही बंद पडलेला नाही. तापमानाची वही तूच सुरू केलीस, दोन वर्षांचं पान न् पान पाहिलं. आणि वितळलेल्या रक्ताने आकडे खाली येतात, वर जात नाहीत. हे मला कुणी शिकवलं ते तुला ठाऊक आहे.

मी नवशिकी होते तेव्हा एक आकडा बाकीच्यांशी जुळेना म्हणून गुपचूप खोडला होता. तू वही उजेडात धरून तो वाचलास आणि मला तीन दिवस नवीन कामाला हात लावू दिला नाहीस. त्या एका आकड्यापायी! शेवटी पिपेटचं रबर फाटलेलं निघालं. तेव्हा तू मला नवं रबर बसवायला लावलंस आणि म्हणालीस, न जुळणारा आकडा पाहुणा समज, आधी त्याला बस म्हण, मग विचार कशाला आलास. ती बाई आज मला सांगते, काढून टाक आणि पास करून घे.

हे तू मला का सांगशील याचा मी पाच दिवस विचार केला. एकच उत्तर सापडलं. तुला इथलं काहीच नको आहे. मी नको, खोली नको, फ्रीझरात तुझ्या नावाच्या अकरा नळ्या उरल्यात त्याही नकोत. तसं असेल तर असो. माणसाला कंटाळा येऊ शकतो. बहिणीच्या पोरीला वाढवण्यात तुझी वीस वर्षं गेली, त्याचाही आला असेल.

नळ्या मी फेकणार नाही. आकडे अहवालात जातील, जसे आहेत तसे. किट परत गेलं तर जाऊ दे. आणि यापुढे मी तुला ये म्हणणार नाही.

खारू

*

१४ एप्रिल

खारू,

हे माझं अक्षर आहे. चार दिवस लागले. वाचायला तुलाही लागतील.

चष्मा चांगला आहे. हात नाहीत.

बोटांचे सांधे सुजतात. सकाळी मूठ वळत नाही, दहा वाजेपर्यंत कप धरता येत नाही. आमवात आहे. इथे आल्यावर तपासलं, रक्तात आरए फॅक्टर भरपूर. औषध चालू आहे, थोडं बरं आहे, काळजी करू नकोस. म्हणजे कर, पण थोडी.

आता कामाचं, कारण ते आधी. तुझं किट चांगलं आहे. तुझा हात चांगला आहे. बिघडलेली मी आहे. हा आरए फॅक्टर म्हणजे गोंद समज. मण्यावरची अँटिबॉडी आणि वरची चमकणारी अँटिबॉडी, दोघींना तो स्वतःच धरतो, मधे प्रथिन असो नसो. म्हणून सगळे मणी उजळतात. म्हणून रिकामाही उजळतो. जुन्या पद्धतीत आपण रक्त पातळ करायला जो द्राव वापरतो त्यात उंदराचं सीरम असतं, ते या गोंदाला आधीच गुंतवून ठेवतं, म्हणून तिथे काही दिसलं नाही. किटच्या द्रावात ते घाल. अर्धा तास थांब. मग मणी सोड. इतर पेशंटचे आकडे त्याने हलत नाहीत ना, तेही बघ.

तुझं एकवीस तारखेचं पत्र वाचलं आणि रिकामा मणी उजळला म्हणालीस तिथेच मला कळलं. म्हणजे ती शेवटची पिशवी भरली तेव्हाच हे माझ्या अंगात होतं. तुला खरं सांगितलं असतं तर तू त्याच गाडीने इथे आली असतीस आणि माझे हात पाहिले असतेस. म्हणून खोटं सांगितलं. तेही असं खोटं, की ज्याने वरच्या मजल्यावरच्या पोरांचं वाटोळं झालं असतं, तू ऐकलं असतंस तर. ऐकलं नाहीस. मी इथे बसून हसले आणि तुझं पत्र तुझ्या मामाला पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं.

जाण्याआधीच्या महिन्यात माझ्या हातून एक पूर्ण रॅक पडला होता. तू रजेवर होतीस. तीस वर्षांत एक नळी सांडली नव्हती. मी स्वतःच फरशी पुसली आणि मोठ्या बाईंना सांगितलं, भावाच्या खुब्याचं हाड मोडलंय, जावं लागेल. हाड खरंच मोडलं होतं, तेवढं बरं झालं.

स्टेशनवर हात खिशात होते कारण ते त्या दिवशी उघडत नव्हते. तू नेहमीसारखे दाबून धरले असतेस तर मी ओरडले असते. तुला वाटलं तुझं काही चुकलं. दोन वर्षं तुला तसं वाटू दिलं. यापुढे काय लिहू?

कंटाळा एक दिवसही आला नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात कमी वेळ लागला.

मावशी

*

२३ एप्रिल

माझी मावशी,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की आता मला ते अक्षर सुंदर वाटायला लागलंय. खरंच सांगते.

कामाचं आधी, कारण नाहीतर तू रागावशील. उंदराचं सीरम घातलं, अर्धा तास थांबले, मणी सोडले. रिकामा मणी विझला. मी ओरडले तर आकडेवाला टेबलावर चहा सांडून धावत आला. बाराच्या बारा आकडे खाली उतरून जुन्या पद्धतीच्या रेषेवर येऊन बसले. सहा पेशंटचे नमुने पुन्हा लावले, त्यांचे हलले नाहीत. अहवाल काल दिला. किट ठेवायचं ठरलं. मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने नियम लिहिला की प्रत्येक नमुन्यात आधी रिकामा मणी पाहायचा, तो चमकला तर आकडा द्यायचा नाही. तुझ्या नळ्यांशिवाय हे आम्हाला कधी कळलंच नसतं आणि अशा गोंदाचा एखादा पेशंट चुकीचं उत्तर घेऊन घरी गेला असता. पुढच्या सोमवारपासून वरच्या मुलांचे नमुने येतील. एक-एक थेंब.

आता दुसरं. हे मोठ्या बाईंना सांगितलेलं नाही, तुला सांगते.

काल संध्याकाळी मी जुन्या वह्या काढल्या. तुझ्या आधीच्या बॅचचे आकडे आणि शेवटच्या बॅचचे आकडे शेजारी ठेवले. नऊ प्रथिनं तीच. तीन दुप्पट. कुठली तीन ते तुला सांगायला नको, सुजेची. आणि ते आकडे माझ्या अक्षरात आहेत, मावशी. तू गेल्यावर आठवड्याभरात मीच ती बॅच वीसदा लावली होती. खाली मीच लिहिलंय, 'नवी बॅच, आकडे वर, नव्या मर्यादा ठरवल्या.' सही माझी. नियमाप्रमाणे बरोबर. तुला दुखतंय हे त्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं, मी मर्यादा सरकवल्या आणि पान उलटलं. मग दोन वर्षं, आठवड्यातून तीन दिवस सकाळी मी तुझं दुखणं तपासत होते आणि वहीत 'ठीक' अशी खूण करत होते. मोजल्या त्या खुणा. दोनशे शहाऐंशी.

आणि मी तुला विचारत होते माझं काय चुकलं म्हणून.

रक्त आता नको. नवीन बॅच माझ्या रक्ताची काढली, दोन दिवस हात काळानिळा होता. तुझ्या सहा नळ्या उरल्यात, त्या कामाला लावणार नाही आणि टाकणारही नाही.

ये म्हणणार नाही असं मी लिहिलं होतं. ते मागे घेते. पिपेट धरायला नको, स्टुलावर बसून पाय हलवायलाही नको. मला इतकी आठवण येते की दुकानात एखाद्या बाईने तुझ्यासारखं 'मोजून द्या हं' म्हटलं तरी मी वळून बघते. तुझे हात जसे असतील तसे मला बघायचेत. तू येत नसशील तर मी रजा टाकून तिथे येते, मामा जमिनीवर झोपेल. काय ते कळव. औषधांची नावं आणि डोसही कळव, आणि हे मामाच्या हातून नको.

तुझीच,
खारू

*

२ मे

खारू,

वही मिटून ठेव. मीही त्या पानावर तेच लिहिलं असतं आणि तशीच सही केली असती. तुला तसं करायला मीच शिकवलं, तेव्हा रडायचं असेल तर निम्मं माझ्यासाठी ठेव. दोघी मिळून रडू.

औषधांची यादी सोबत आहे. डोस उजव्या बाजूला.

गुरुवारी सकाळी दहाच्या गाडीने येते. तुझा मामा बरोबर आहे. तो म्हणतो, सामान धरायला. मला वाटतं त्याला मणी बघायचेत. मोठ्या बाईंना सांगून ठेव की मी एक दिवस प्रयोगशाळेत यायचं म्हणते, ते किट चालताना पाहायला. पांढरा कोट कपाटात डाव्या बाजूला असेल. धुऊन ठेवू नकोस, फक्त झटक.

त्या कोटाला पाच बटणं आहेत. ती मला आता लावता येत नाहीत. इथे तुझा मामा माझी बटणं लावतो, तर एक घर चुकवतो आणि दिवसभर मी वाकडी दिसते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिथे तू लाव. सगळ्यांच्या समोर लावलीस तरी चालेल.

मावशी